उलट्या वाटेची ज्योत

अपंगांसाठी काही करायचं ठरलं, की धडधाकट माणसांच्या अंगात कुठून बळ येतं कोण जाणे. मंडप घालतात, कमानी उभारतात, भाषणांचं तर विचारूच नका. फक्त अपंगाला काही करू देत नाहीत. त्यानं बसायचं. हार पडला की मान वाकवायची आणि फोटो निघेपर्यंत हसायचं.

एक्क्याऐंशी साली सगळ्या जगानं अपंग वर्ष पाळायचं ठरवलं. उस्मानाबाद जिल्हाही जगातच मोडत असल्यामुळं आमच्याकडं अपंगांच्या क्रीडा स्पर्धा भरवायचं निघालं. पावसानं पाठ फिरवलेली, विहिरी तळाला गेलेल्या, आणि टँकर दिसला की घागर घेऊन पळणं हा एकच मैदानी खेळ गावोगाव जोरात होता. तरी समिती झाली. अध्यक्ष दूध संघाचे चेअरमन नानासाहेब. आमच्याकडं समिती निघाली की अध्यक्ष शोधावा लागत नाही. खुर्ची मांडायला जावं, तर नानासाहेब तिच्यात आधीच बसलेले असतात.

समितीवर अपंगांचे प्रतिनिधी म्हणून आम्ही तिघं. मी मूळचा तेरचा, आता उस्मानाबादला खरेदी-विक्री संघात कारकून. डावा पाय लहानपणी तापात गेला. म्हणजे आहे, पण धोतरात काठी लोंबावी तसा. नाव बलभीम. बारशाच्या वेळी पुढचं कुणाला ठाऊक असतं?

दुसरा महालिंगप्पा, उमरग्याचा, कापडवाल्याच्या घरातला. जन्मापासून आंधळा आणि हरणासारखा पळणारा. कुठं पळतोय हे मात्र दुसऱ्यानं बघायचं. रागावला की कानडीत रागवायचा. तिसरी हरणाबाई, वाशीची. कडबा कापायच्या यंत्रानं तिचा उजवा हात खांद्यापासून नेला. राहिलेल्या डाव्यानं ती लोखंडी गोळा असा फेकायची, की मोजणारा माणूस आधी पळायचा आणि मग मोजायचा. मी तिला अक्का म्हणायचो. न म्हणून सांगता कुणाला!

बैठकीत नानासाहेबांनी कार्यक्रम वाचला. तेरच्या दूध सोसायटीसमोर ज्योत पेटणार. ती कॉलेजची पोरं पळत उस्मानाबादला आणणार. मैदानाच्या दारात त्यांचा पुतण्या आबाराव ती हातात घेणार आणि पाहुण्यांसमोर चौथऱ्यावरचा कुंड पेटवणार.

"आन् आमी?" हरणाबाईनं विचारलं.

"तुम्ही मंडपात. पहिल्या रांगेत. गाद्या टाकायला सांगितल्यात."

"आमाला काय बाळंतपणाला बोलिवलंय व्हय?"

सगळे हसले. मी हसलो नाही. माझं डोकं तापलं की जीभ सुटते, आणि पायाचं सगळं बळ देवानं, म्हणजे ज्याला मी मानत नाही त्यानं, माझ्या जिभेत घातलेलं आहे. मी म्हणालो, "नानासाहेब, स्पर्धा आमच्या, मग ज्योतही आम्हीच आणणार. तेरपासून मैदानापर्यंत. कुंडही आम्हीच पेटवणार."

"बलभीम, तू? तेरहून?"

"आम्ही तिघं," मी म्हणालो.

नानासाहेब मुरलेला माणूस. नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "आणा की. कौतुकच हाय. फकस्त पाहुणे यायच्या वक्ताला ज्योत दारात पायजे. न्हाय आली, तर आबाराव दारात दुसरी मशाल घेऊन उभा राहील. राखीव." नानासाहेबांनी राखीव जागेच्या बाजूनं काही केल्याचं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं, आणि तेही सख्ख्या पुतण्यासाठी.

घरी येऊन सांगितलं, तर आमच्या मथुराबाई भाकरी थापायच्या थांबल्या. "आवं, पायानं यीना म्हणून तोंडानं पळताव व्हय तुमी?" एवढं बोलून त्यांनी भाकरी तव्यावर अशी टाकली, की ती तिकडंच भाजावी आणि मी इकडं.

शेजारी बब्रुवान राहायचे. एस.टी.तले रिटायर कंडक्टर. आयुष्यातला प्रत्येक प्रश्न एस.टी.नं सुटतो असं त्यांचं मत. सकाळी तोंड न धुताच सल्ला घेऊन हजर. "बलभीम, ऐक. तेरहून गाडी हाय. मशाल विझलेली आण. पेटती वस्तू गाडीत चालत न्हाय. येशीत उतर, काडी वढ, झालं. तुला तिकिटात सूट हाय, मशालीचं सामानात बघू."

"अहो, पण ही रिले असते. माणसं बदलत बदलत आणायची."

"मंग ड्रायव्हर बदलतोच की मधी!"

यानंतर सरकारी कामं. समितीच्या परिपत्रकात लिहिलेलं, की स्पर्धकानं अपंग असल्याचा दाखला जोडावा. त्याच्याच खाली, ज्योत नेणाऱ्यानं शरीरानं सुदृढ असल्याचा दाखला जोडावा. आम्ही स्पर्धकही होतो आणि ज्योत नेणारेही. तेव्हा एकाच डॉक्टरकडून एकाच दिवशी दोन्ही दाखले आणणं आलं. डॉक्टर भला माणूस, पण घाबरला. "अहो, एकाच हातानं दोन्ही कसं लिहू?"

"मी सगळं एकाच हातानं करते," हरणाबाई म्हणाली. "लिवा."

त्यानं लिहिलं. माझा पाय चाळीस टक्के गेलेला असून मी शंभर टक्के ठणठणीत आहे, असं सरकारी शिक्क्यानिशी माझ्याकडं आजही आहे.

रॉकेलचं तर विचारू नका. रेशनवर जादा रॉकेल मिळायचं ते लग्नाला नाहीतर मयताला. मशाल कुठल्या सदरात घालायची, ते पुरवठ्याच्या कारकुनाला ठरवता येईना. मी कारकून, तोही कारकून, दोघंही नियमाला देव मानणारे. त्यामुळं तासभर एकमेकांची खोड काढत बसलो. शेवटी तो म्हणाला, "लगीन असंल तर पत्रिका दावा, मयत असंल तर मयताचं नाव सांगा."

हरणाबाई म्हणाली, "नानासाहेबांचं लिवा."

रॉकेल मिळालं नाही. मथुराबाईंनी घरातली करडईच्या तेलाची बरणी काढून दिली. वर झाकण स्वतःच घट्ट बसवलं. तेच मला जास्त लागलं.

आता खरी गंमत. स्पर्धेची तारीख ठरवणारे साहेब जिल्ह्यात नवे. त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं ते नेमकं नवरात्राच्या पहिल्या दिवसावर. त्या दिवशी आमच्या जिल्ह्यात काय चालतं, ते पाळण्यातलं पोरही सांगेल. गावोगावची पोरं तुळजापूरला जातात, देवीच्या देवळात मशाल पेटवतात आणि अनवाणी पळत आपल्या गावी आणतात. वाटेतल्या गावांतल्या बायका आडव्या येऊन मशालीत तेल ओततात, पोरांच्या पायांवर पाणी घालतात. समितीत सगळ्यांनाच हे ठाऊक होतं. पण साहेबांनी तारीख दिल्यावर ती चूक आहे हे सांगायचं कुणी?

मी देवीचं काही करत नाही. आमच्या घरानं छप्पन्न सालीच देव पोत्यात बांधले. त्यामुळं आपली ज्योत लोकांना कुठली वाटेल, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

ठरल्या दिवशी तेरला दूध सोसायटीसमोर ज्योत कुठल्या देवळातून पेटवावी, यावर दोन देवळांचे पुजारी हमरीतुमरीवर आले. मी खिशातली काडेपेटी काढली आणि काडी ओढली. मशाल पेटली. मग आमची वरात निघाली. मी हातानं चालवायच्या तीनचाकी सायकलवर. तिच्या मागच्या दांडीला दोरी, दोरीचं टोक महालिंगप्पाच्या हातात, आणि बाजूनं मशाल घेऊन हरणाबाई. ठरलं असं, की दर गावाला हात बदलायचा. उतार लागला की महालिंगप्पा ओरडायचा, "हळू! मी पळतोय का वढला चाललोय?" चढ आला की तोच मागून ढकलायचा.

पहिल्याच गावाच्या वेशीत हलगी सुरू झाली. बायका घागरी घेऊन धावत आल्या. "आई राजा उदो उदो!"

मी हात वर केले. "आवं, थांबा! ही देवीची ज्योत न्हाय! खेळाची हाय, खेळाची!"

"व्हय व्हय," म्हणत एकीनं मशालीत तेल ओतलं. दुसरीनं हरणाबाईच्या कपाळावर मळवट भरला. पारावरचा म्हातारा डोळ्यांवर हात धरून बघत होता. तो म्हणाला, "आरं, पर ही उलटी कशी? ज्योत तुळजापुरातनं हिकडं येती. ही तिकडं चाललीय!"

प्रश्न बरोबर होता. आता तरी यांना कळेल म्हणून मी श्वास घेतला. तेवढ्यात एक बाई आम्हा तिघांकडं आळीपाळीनं बघून म्हणाली, "आगं, लंगडा हाय, आंधळा हाय, हिला हात न्हाय. नवस फिटला आसंल. ज्योत देवीला माघारी द्याया चाललेत!"

"नवस फिटला आसता तर आंधळाच कशाला ऱ्हायलो आसतो?" महालिंगप्पा म्हणाला. "एनप्पा इदु!" म्हणजे, काय हे बाबा!

पण पुढं कोण ऐकतो? उलटी ज्योत निघालीय ही बातमी आमच्या सायकलीपुढं पळत सुटली. दर वेशीला हलगी, दर वेशीला तेल. मी प्रत्येक ठिकाणी ओरडून सांगायचो. एका गावात तर म्हणालो, "मी बौद्ध हाय, देवीला मानत न्हाय." त्यावर हलगीवाला म्हणाला, "देवीनं बोलावलं की कुणालाबी यावं लागतं," आणि दुप्पट जोरानं वाजवायला लागला.

एक मोठं गाव लागलं. नाव सांगत नाही. तिथल्या ऐन मोक्याच्या घरासमोर धुरपताबाई नावाच्या म्हातारीनं सायकल अडवली. घरापुढं रिकाम्या घागरींची रांग लागलेली, आणि हिनं हंडाभर पाणी आणून माझ्या पायांवर ओतलं. तेही डाव्या पायावर जास्त, बिचारा म्हणून. या गावात माझा बाप दर सुगीला यायचा आणि असल्याच एका घरापुढं वाटेच्या पलीकडं उभा राहायचा. अलीकडं यायची सोय नव्हती. तहान लागली तर वरून ओंजळीत पाणी. ते आठवून डोकं भणाणलं. पण पाय इतका गार वाटत होता, की मी चक्क थोडा पुढं केला. माणसाच्या रागाला पाय असतात, आणि माझा एक तसाही कामातून गेलेला.

म्हातारीनं मशालीवरून आपला दिवा लावून घेतला. घटापाशी ठेवायला. मी म्हणालो, "म्हातारे, ही देवीची न्हाय."

"तू पळ," ती म्हणाली. "बोलू नगंस. दम लागतोय तुला."

गावाबाहेर पडलो. मशाल महालिंगप्पाच्या हातात. समोरून पाण्याचा टँकर आला. मागं त्याचा नळ तुटलेला आणि पाणी कारंज्यासारखं उडत होतं. खड्ड्यात चाक आपटलं, आणि अख्ख्या पावसाळ्यात जिल्ह्यात पडलं नाही एवढं पाणी नेमकं आमच्या मशालीवर पडलं. फुस्स.

महालिंगप्पाला गार वाटलं. तो खूश होऊन पळतच राहिला, विझलेली मशाल उंच धरून. हरणाबाई ओरडली, "आरं थांब, ईजली!"

"काय ईजलं?"

"तुझ्या हातातलं, बाबा!"

माझ्या खिशात काडेपेटी होती. ओढावी काडी, कुणाला कळणार? पण महालिंगप्पा अडून बसला. "तेरहून पळालो ते ह्या विझल्या दांड्यासाठी? तेरचीच आग पायजे. नायतर बब्रुवानाच्या एस.टी.नं आलो आसतो की." आंधळ्या माणसाला फसवता येतं, पण नजरेला नजर देऊन फसवता येत नाही, हा मोठा घोटाळा आहे. माघारी वळलो. धुरपताबाईच्या दिव्यात आमचीच आग होती.

म्हातारी दारातच उभी. विझलेली मशाल बघून तिचं तोंड पडलं. मी म्हणालो, "आमची आग आमाला माघारी द्या."

"आँ? मगाशी म्हणीत हुतास देवीची न्हाय. आता कुणाची?"

"खेळाचीच. तेव्हाबी खेळाची, आताबी खेळाची."

तिनं मला नीट बघितलं. मग तो प्रश्न आला, जो आमच्या मुलखात पाण्याच्या आधी विचारतात. "कुणाचा रं तू?"

"तेरच्या बौद्धवाड्यातला."

ती थबकली. नजर माझ्या ओल्या पायांवर गेली. शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या. हरणाबाईनं पदर खोचला. मीही तोंड उघडलं, कारण बापाच्या वेळेपासूनचं साठलेलं होतं, आणि आज ते सगळं बाहेर येणार होतं.

"धुतलं ते धुतलं," म्हातारी म्हणाली आणि आत जाऊन दिवा घेऊन आली.

माझं भाषण तसंच राहिलं. इतकं तयार भाषण कुणी असं वाया घालवू नये.

मशाल पेटली. पण आता म्हातारीचा आमच्यावरचा विश्वास उडालेला. "तुमच्या हातात ईजती ही. आमी संगं येतो." तेलाची बुधली घेऊन ती निघालीच. तिच्यामागं शेजारणी, त्यांच्यामागं हलगी. पुढच्या प्रत्येक वस्तीवर ज्यांनी तेल घातलं, त्याही सामील. शहराच्या वेशीला आलो तेव्हा रस्ता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बायकांनी भरलेला होता आणि मागं एक गाडी सारखी भोंगा वाजवत होती. हरणाबाईनं वळून दम दिला, "वाजीव किती वाजवायचं ते! देवीच्या म्होरं जातोस व्हय?"

"अक्का, तुम्हीपण?" मी म्हणालो.

"गप. त्यांना कळंल आसं बोलावं लागतं."

मैदानाच्या दारात नानासाहेब हार घेऊन उभे. शेजारी आबाराव, नवी कोरी बनियन घालून, राखीव मशाल पेटवून. पाहुण्यांचा पत्ता नव्हता, म्हणून सगळं अडलेलं. कारण पाहुणे होते त्या भोंग्याच्या गाडीत, आमच्या मागं. ते कंटाळून उतरले आणि बायकांतून वाट काढत पुढं आले. कपाळाला कुंकू लागलेलं, खांद्यावर तेल सांडलेलं.

"ही कुठली ज्योत, नानासाहेब?"

नानासाहेबांनी गर्दी बघितली, मला बघितलं, आणि एका क्षणात सगळं हिशेबात घेतलं. माईक ओढून गरजले, "देवीच्या ज्योतीला वाट द्या! ज्योत सरळ देवळाकडं जाऊ द्या! मैदानात आपल्या स्पर्धेची ज्योत आबाराव नेतील!" मग माईकवर हात ठेवून माझ्या कानात, "बलभीम, देवीची म्हण आन् वळीव. शंभर माणसं पाया पडतील तुझ्या. मान हाय बाबा, मान!"

खरं सांगतो, मोह झाला. दिवसभर ओरडून घसा बसला होता. एक शब्द बोललो असतो तर सगळी गर्दी माझी होती. 'खेळाची' म्हणालो तर या बायका फसवलं म्हणून मला सायकलीसकट उलथा करतील, हेही दिसत होतं. पण मग कुंड आबाराव पेटवणार, आणि आम्ही गादीवर बसून फोटो निघेपर्यंत हसणार.

मी माईक हिसकावला. "ही देवीची ज्योत नाही! खेळाची आहे! लंगड्यांची, आंधळ्यांची, थोट्यांची आहे, आणि ती आतच जाणार!"

हलगी थांबली. बायकांत कुजबुज सुरू झाली. नानासाहेब गालात हसले. त्यांना वाटलं, आता यांचं यांच्यात जुंपेल.

धुरपताबाई बुधली घेऊन पुढं आली. मी डोळे मिटले.

"कुणाची का आसंना," ती म्हणाली. "माजं त्येल हाय त्यात. दुष्काळात घरचं त्येल वतलंय म्या. ते वाया जाऊ द्याची न्हाय. कुठं लावायची ती लाव, पर लाव!"

"माजंबी हाय!" मागून एकजण.

"आमच्या तर दोन पळ्या!"

नानासाहेबांच्या तोंडचं हसू गेलं. जन्म सहकारात घातलेला माणूस तो. आपला भाग मागायला आलेल्या भागधारकांची गर्दी दारात उभी राहिली, की चेअरमननं काय करावं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते बाजूला झाले. हार पाहुण्यांना घालायचा होता, तो गडबडीत महालिंगप्पाच्या गळ्यात पडला.

कुंडाचा चौथरा उंच, आणि त्याला पायऱ्या. अपंगांच्या स्पर्धेत अपंगानं वर कसं चढावं, याचा विचार समितीत कुणी केला नव्हता. आम्हीही समितीत होतो, आम्हीही केला नव्हता. सायकल खाली सोडली. मी बुडावर बसत एकेक पायरी चढलो. महालिंगप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून चढला, आणि मशाल उंच धरून हरणाबाई. माझ्या धोतराची पार दशा झाली. मागून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तर हरणाबाई वरूनच ओरडली, "आधी चढू द्या, मंग वाजवा!"

तिघांनी मिळून मशाल कुंडाला लावली. इतकं तेल मुरलेलं, की भडका उडाला आणि माझ्या मिशीचं एक टोक गेलं.

"पेटली का?" महालिंगप्पानं विचारलं.

"पेटली."

"पाहुणे जळाले का?"

"न्हाय."

"बरं."

खाली बायकांनी उदो उदो सुरू केलं. आता मी कुणालाही दुरुस्त केलं नाही. घसा बसला होता. उतरताना मी पुन्हा बुडावर, आणि नानासाहेब खाली उभे राहून पाहुण्यांना सांगत होते, की ही कल्पना मुळात त्यांचीच.

चौथऱ्याच्या पायथ्याशी आबाराव तसाच उभा होता. हातात पेटती राखीव मशाल, आणि ती कुठं लावावी, कुठं ठेवावी, विझवावी की धरून ठेवावी, काहीच ठाऊक नाही. हरणाबाई त्याच्यापुढं थांबली. कनवटीची बिडी काढून तिनं ओठांत धरली आणि म्हणाली, "चेअरमनच्या पुतण्या, मला हात एकच हाय बाबा. तेवढी ज्योत जरा खाली धर."

त्यानं धरली.